रिकामा माग

भिवंडीत माग दिसण्याआधी ऐकू येतो. कामतघरला असा किंवा पद्मानगरच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमधली ती खटाखट आपल्याबरोबर चालत राहते. आत डोकावलंत तर साध्या यंत्रमागाच्या एका टोकाला तीन दातांचा एक तारेचा काटा बसवलेला दिसेल. पाहुण्यांचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. धोटा इकडून तिकडे धावतो, मागे आडवा धागा म्हणजे बाणा सोडतो आणि फणी पुढे येऊन तो धागा कापडाला ठोकते. तेवढ्यात बाणा काट्याच्या दातांवर टेकतो, काटा जरासा कलतो आणि माग चालू राहतो. कांडीवरचं सूत संपलं किंवा धागा तुटला, तर दातांवर टेकायला काहीच उरत नाही. काटा कलत नाही. त्याचा आकडा मागेपुढे हलणाऱ्या एका दांडीत अडकतो, दांडी त्याला ओढते, हँडल सुटतं, माग थांबतो. कारागीर त्या वेळी चार माग सोडून पलीकडे कांडी बदलत असतो आणि मालक बाहेर हिशेब लिहीत असतो. दोघांनाही कुणी विचारलेलं नसतं.

तव्याला बोट लागलं की हात मागे येतो, तेव्हा शरीरात असंच काहीसं घडतं. त्वचेतली संवेदी चेतापेशी खबर मेरुरज्जूत पोचवते, तिथली सहयोगी चेतापेशी ती पुढे देते, प्रेरक चेतापेशी दंडाच्या स्नायूला आकुंचन पावायला लावते. मेंदूला बातमी कळते, पण हात मागे आल्यावर. ही प्रतिक्षिप्त क्रिया आपण शाळेत शिकलो, आकृती काढून नावं दिली आणि गुण मिळवले. त्या आकृतीत बाण नेहमी त्वचेकडून निघतो. आधी चटका, मग हात. आधी प्रश्न, मग उत्तर.

ही यंत्रणा आईच्या पोटात जुळते कशी, हे बघायला गेलं की तो बाण उलटा पडतो. जुळणीची सुरुवात उत्तराकडून होते.

नळी

पुढे जाण्याआधी आठवड्यांचा हिशेब नक्की करू. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. या प्रकरणात माणसाच्या गर्भाचे आठवडे डॉक्टरांच्या पद्धतीनेच मोजले आहेत.

पाळी चुकून आठवडा झालेला असतो. घरात अजून कुणाला सांगितलेलं नसतं, कधीकधी त्या बाईलाही नीटसं कळलेलं नसतं. त्या सुमारास गर्भाच्या पाठीवरच्या पेशींच्या पट्टीत एक पन्हळ पडते. तिच्या कडा वर येतात, एकमेकींना भिडतात आणि नळी तयार होते. सहावा आठवडा संपताना तिची दोन्ही तोंडं मिटलेली असतात. वरच्या टोकाचा मेंदू होणार, उरलेल्याचा मेरुरज्जू. हे मिटणं अर्धवट राहिलं, तर पाठीचा कणा उघडा राहण्यासारखे दोष होतात. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून घ्यायला सांगतात, ती याचसाठी. दिवस गेल्याची खात्री होईपर्यंत नळीचं काम बहुधा उरकलेलं असतं. आधी असा दोष असलेलं मूल झालेल्या स्त्रियांनी ही गोळी मोठ्या मात्रेत घेतली, तर पुढच्या बाळातला धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने दाखवलं.

नळीतल्या पेशी सुरुवातीला सारख्याच असतात. कुणी काय व्हायचं, हे जागा ठरवते. नळीच्या पोटाकडच्या बाजूने एक प्रथिन झिरपतं. शास्त्रज्ञांनी त्याचं नाव एका व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून ठेवलं आहे, सॉनिक हेजहॉग. पाठीकडून दुसऱ्या प्रकारची प्रथिनं येतात. अत्तराच्या बाटलीजवळ बसलेल्याला वास दाट येतो आणि दाराशी उभ्या असलेल्याला फिका, तसं प्रत्येक पेशीला आपल्या जागेवरून दोन्हींचं कमी-जास्त प्रमाण कळतं. पोटाकडच्या पेशी प्रेरक चेतापेशी होतात आणि पाठीकडच्या पेशी संवेदनांची बातमी घेणाऱ्या. त्वचेतून बातमी आणणाऱ्या संवेदी चेतापेशी मात्र नळीच्या बाहेर, दोन्ही अंगांना लहान गाठींमध्ये जमतात.

मग तारा ओढल्या जातात. वाढत्या चेतातंतूच्या टोकाला हाताच्या पंजासारखा एक चपटा भाग असतो. तो पुढची जागा चाचपतो, रासायनिक खुणा ओळखतो आणि वळतो. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात तो पहिल्यांदा पाहिला. त्यांच्यापुढे काचपट्टीवर मेलेला, रंगवलेला नमुना होता, पण हे टोक वाट काढत पुढे जात असणार, हे त्यांनी त्यावरूनच ओळखलं.

या कामाचा एक क्रम असतो. प्रेरक चेतापेशी आधी तयार होतात आणि त्यांचे तंतू आधी बाहेर पडून स्नायूंपर्यंत पोचतात. संवेदी तंतूही मेरुरज्जूपर्यंत येतात, पण दाराशी थबकतात. उंदरांच्या गर्भात हे नीट दिसतं. तंतू मेरुरज्जूच्या कडेला येतात, काही काळ बाहेरच थांबतात आणि मग आतल्या करड्या भागात शिरतात. साध्या स्पर्शाचे जाड तंतू आधी आत जातात, जळजळीच्या वेदनेची बातमी नेणारे बारीक तंतू काही दिवसांनी.

अंड्यातली हालचाल

जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म प्रायर यांनी १८८५ च्या आपल्या ग्रंथात कोंबडीच्या गर्भाबद्दल एक निरीक्षण नोंदवलं. उबवणीच्या चौथ्या दिवसाच्या सुमारास गर्भ मान आणि धड हलवू लागतो. पण त्याला टोचलं किंवा स्पर्श केला तर काही होत नाही. स्पर्शाला उत्तर मिळायला आणखी तीनेक दिवस जावे लागतात. त्या काळी प्राण्याची प्रत्येक हालचाल ही कशाची तरी प्रतिक्रिया असते, असं मानण्याकडे कल होता. त्या विचारात हे निरीक्षण बसत नव्हतं, म्हणून ते बरीच वर्षं बाजूला पडलं.

ते पुन्हा उचललं व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले हे शास्त्रज्ञ सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात कोंबडीच्या गर्भावर काम करत. १९६० च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोन दिवसांच्या गर्भाच्या मेरुरज्जूचा, पायांच्या भागातला, पाठीकडचा अर्धा हिस्सा काढून टाकला. म्हणजे पायांकडून येणारी बातमी आत शिरण्याचं दारच नाहीसं केलं. त्याच्या वरचा मेरुरज्जूचा एक तुकडाही कापला, त्यामुळे मेंदूकडूनही काही येणार नाही. अंडी उबवायला ठेवली. ठरल्या दिवशी पाय हलू लागले आणि पुढे पंधराव्या दिवसापर्यंत जवळजवळ नेहमीसारखेच हलत राहिले.

कुणी विचारत नव्हतं, तरी उत्तर येत होतं. ही हालचाल मेरुरज्जूच्या आतूनच उठत होती.

मागाकडे परत येऊ. दुरुस्त केलेला माग जॉबर, म्हणजे मागाचा मिस्त्री, लगेच सुतावर घेत नाही. आधी हाताने फिरवतो, मग सूत न लावताच चालवून बघतो. ठोका कुठे पडतोय, धोटा वेळेवर सुटतोय का, कुठे घासतंय का. त्या वेळी तीन दातांच्या काट्याची यंत्रणा बाजूला ठेवावी लागते. ती जोडलेली असेल, तर धागा नाही म्हणून माग पहिल्या ठोक्यालाच थांबेल. गर्भाचा मेरुरज्जू सुरुवातीला असाच रिकामा चालतो, संवेदनेचा काटा जोडण्याआधी.

सस्तन प्राण्यांमध्ये आपणहून हलणं आणि स्पर्शाला उत्तर देणं या दोन्हींमधलं अंतर बरंच कमी असतं. सी. एच. नारायणन, फॉक्स आणि हॅम्बर्गर यांनी १९७१ मध्ये उंदराच्या गर्भावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंदराचं गर्भारपण २१-२२ दिवसांचं असतं. सोळाव्या दिवसाच्या आसपास गर्भ आपणहून हलू लागतो आणि तोंडाजवळच्या स्पर्शाला उत्तरही साधारण त्याच वेळी देऊ लागतो. कोंबडीत दिसणारा मधला मुका काळ इथे जवळपास नाहीच. तरी आतली गोष्ट तीच राहते. गर्भाच्या बहुतेक हालचालींना बाहेरचं कारण नसतं.

केसाचं टोक

माणसाचं काय, हे १९३० च्या दशकात पिट्सबर्ग विद्यापीठातल्या डेव्हनपोर्ट हूकर यांनी बघितलं. वैद्यकीय कारणाने गर्भ काढाव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियांमधून आलेले, जगू न शकणारे गर्भ काही मिनिटं कोमट द्रवात ठेवून ते त्यांच्या त्वचेला केसाच्या टोकाने स्पर्श करत आणि प्रतिसाद चित्रफितीवर टिपत. केस वेगवेगळ्या जाडीचे असत, म्हणजे किती जोर लावला ते कळे. आज असे प्रयोग कुणी करत नाही. शिवाय वार सुटल्यावर गर्भाला प्राणवायू मिळत नाही, त्यामुळे ते प्रतिसाद कितपत नैसर्गिक, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. पण त्या नोंदींमधला क्रम अजून कामाचा आहे.

पहिला प्रतिसाद मिळाला साडेसात आठवड्यांच्या, जेमतेम दोन सेंटीमीटरच्या गर्भाकडून. ओठांजवळ केस टेकवला की मान आणि धडाचा वरचा भाग स्पर्शापासून दूर, विरुद्ध बाजूला वाकला. अंगाच्या बाकी कुठल्याही जागेवर केस फिरवला तरी काही होत नव्हतं. चेहऱ्याची बातमी नेणारी चेता खाली मानेतल्या मेरुरज्जूपर्यंत उतरते, तिथे मानेच्या स्नायूंच्या प्रेरक चेतापेशी आधीच तयार असतात, आणि हा पहिला सांधा तिथे जुळतो. साडेदहाव्या आठवड्यापर्यंत तळहात जागा होतो, त्याला स्पर्श केला की बोटं किंचित मिटतात. मग तळपाय. चौदाव्या आठवड्यापर्यंत डोक्याचा माथा आणि मागची बाजू सोडली तर जवळजवळ सगळं अंग स्पर्शाला उत्तर देतं.

पुढे सोनोग्राफी आली आणि गर्भाला हात न लावता बघता येऊ लागलं. नेदरलंड्समधल्या ग्रोनिंगेन इथे हाइन्झ प्रेख्टल यांच्या गटाने १९८२ मध्ये गर्भाच्या हालचालींची वेळापत्रकं प्रसिद्ध केली. पहिली कुळबुळ सात ते साडेसात आठवड्यांत दिसते. नवव्या आठवड्याच्या आसपास उचकी. दहाव्याला हात तोंडाकडे जातो. अकराव्या-बाराव्याला जांभई. यातल्या प्रत्येक हालचालीचा ढंग सुरुवातीपासूनच ओळखू येण्याइतका ठरलेला असतो.

भिवंडीतल्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात, गर्भलिंग तपासणी होत नसल्याच्या पाटीखाली, बारा आठवड्यांच्या तपासणीला हा प्रसंग रोज घडतो. डॉक्टर पडदा वळवून म्हणतात, “बघा ताई, उडी मारली.” पडद्यावर पाच-सहा सेंटीमीटरचं ते माणूस खरोखर उसळलेलं असतं. बाई आधी पडद्याकडे बघते, मग आपल्या पोटाकडे. “मला तर काहीच कळलं नाही.” कळणारही नाही. पाणी भरपूर, लाथ हलकी. पहिलटकरणीला बाळ फिरलेलं अठराव्या ते विसाव्या आठवड्यात जाणवतं, दुसऱ्या खेपेला थोडं आधी. सुश्रुतसंहितेने चौथ्या महिन्यात गर्भात चेतना प्रकट होते असं सांगून गर्भिणीला दोन हृदयांची म्हटलं. डोहाळे हा शब्द त्यातूनच आला. आईला चाहूल लागण्याचा काळ आणि तो महिना एकमेकांच्या जवळ येतात. पण तोवर मेरुरज्जूची दोन-अडीच महिन्यांची तालीम झालेली असते.

ही तालीम चुकवून चालत नाही. १९६२ मध्ये ड्रॅकमन आणि कूलोम्ब्र यांनी कोंबडीच्या गर्भाचे स्नायू औषधाने थोडा काळ लुळे केले. त्या पिल्लांचे सांधे आखडले, पावलं वाकडी झाली. सांध्यांना आकार येतो तो हलल्यामुळे. ज्या बाळांच्या स्नायूंत किंवा चेतांत जन्मापूर्वीच दोष असतो, किंवा गर्भजल फार कमी असल्याने ज्यांना हलायला जागाच मिळत नाही, त्यांच्यात हेच दिसतं.

ब्रेक नंतर बसतो

मोठ्या माणसाच्या मेरुरज्जूत जितकं काम चालू करण्याचं, तितकंच थांबवण्याचं असतं. गुडघा वाकवायचा तर तो सरळ करणाऱ्या स्नायूला गप्प बसवावं लागतं. डावा पाय उचलायचा तर उजव्याने टेकून राहायला हवं. हे गप्प बसवण्याचं काम गाबा आणि ग्लायसिन या दोन रसायनांकडे असतं.

गर्भात हीच रसायनं उलटं वागतात. कोवळ्या चेतापेशीत क्लोराइडचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे गाबा आलं की पेशी शांत होण्याऐवजी चेतते. पुढे पेशीच्या भिंतीवर क्लोराइड बाहेर फेकणारे पंप वाढतात आणि तेच रसायन ब्रेकचं काम करू लागतं. गाडी तीच, पेडल तेच, आतली जोडणी बदलली की वेग देणारं पेडल थांबवणारं होतं.

म्हणून सुरुवातीच्या हालचाली इतक्या ढोबळ असतात. एका जागी ठिणगी पडली की मेरुरज्जूभर लाट जाते आणि सगळं अंग उसळतं. जपानमध्ये नोरिओ कुडो आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भाचा मेरुरज्जू बाहेर काढून त्याच्या चेतांमधून येणारे विद्युत संदेश नोंदवले. सोळाव्या-सतराव्या दिवशी डावी आणि उजवी बाजू एकदमच चेतत होती. अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी दोन्ही बाजू आलटून पालटून चेतू लागल्या. चालण्याचा ठेका जन्माच्या दोन-तीन दिवस आधी, जमिनीला पाय लागण्याच्या कितीतरी आधी, मेरुरज्जूत बसलेला होता. याच गटाने दाखवलं, की गुडघ्यावर हातोडी मारली की उडणाऱ्या पायामागचा, फक्त दोन चेतापेशींचा सांधाही उंदरात साधारण साडेसतराव्या दिवशी जुळू लागतो.

चुकत चुकत

इथे मागाची उपमा संपते. मागाला जॉबर असतो, त्याला माग कसा चालायला हवा हे ठाऊक असतं. मेरुरज्जूला जॉबर नाही. कुठला तंतू कुठे जोडायचा, याचा ढोबळ आराखडा जनुकांत असतो, पण बोटाच्या कुठल्या पेरावर टोचलं तर नेमका कुठला स्नायू आखडायचा इतका बारीक नकाशा त्यात नसतो. उलट आधी भरताड करून मग छाटणी होते. गर्भात तयार झालेल्या प्रेरक चेतापेशींपैकी जवळपास निम्म्या जन्मापूर्वीच मरून जातात.

बारीक नकाशा कसा बनतो, हे स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या येन्स शूएनबोरी यांच्या गटाने उलगडलं. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याची वेदनेपासून अंग काढून घेण्याची क्रिया बऱ्याचदा चुकीची असते. शेपटीच्या डाव्या बाजूला चटका दिला तर शेपूट डावीकडेच, चटक्याच्या दिशेनेच जाते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे सुधारतं. त्यासाठी चटके खावे लागत नाहीत. झोपेत पिल्लाचे स्नायू सुटे सुटे उडत असतात. एक स्नायू उडतो, शेपूट हलते, तिचा एका बाजूचा स्पर्श बदलतो आणि ती बातमी मेरुरज्जूत पोचते. कुठला स्नायू ओढला की कुठे काय जाणवतं, याची नोंद अशा हजारो लहान झटक्यांतून होत जाते. या गटाने २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की झटक्याच्या नेमक्या क्षणी मिळणारा स्पर्श मुद्दाम बदलला, तर जोडणीही बदलते.

म्हणजे मेरुरज्जू रिकामा चालतो तो फक्त तपासणीसाठी नव्हे. चालण्यातूनच त्याची जुळणी होत असते. झोपलेल्या तान्ह्याचे ओठ मध्येच हसतात, पाय फेकला जातो, बोटं उडतात, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, सटवाई हसवतेय. उंदराच्या पिल्लात ज्या झटक्यांतून नकाशा काढला जातो, ते याच जातीचे आहेत.

दोन सेंटीमीटरचा गिर्यारोहक

उंदराचं पिल्लू गुलाबी, आंधळं आणि जवळपास असहाय्य जन्मतं. भिवंडीच्या गल्लीबोळांत फिरणाऱ्या शेळीचं करडू पाच महिने पोटात काढून येतं आणि तासाभरात चार पायांवर उभं राहतं. दोघांच्या मेरुरज्जूत पायऱ्या त्याच, क्रम बहुतांशी तोच. फरक असतो तो जन्माची रेघ त्या जिन्यावर कुठे पडली याचा. उंदीर मधल्या पायरीवर बाहेर येतो, करडू वरच्या मजल्यावर पोचून.

सगळ्यात नवलाची रेघ कांगारूची. तांबड्या कांगारूचं पिल्लू अवघ्या ३३ दिवसांत जन्मतं. लांबी सुमारे दोन सेंटीमीटर, वजन एक ग्रॅमहूनही कमी. मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पण पुढचे पाय तयार असतात, आणि आईच्या पोटावरचे केस पकडत, एकाआड एक हात टाकत ते स्वतःच पिशवीपर्यंत चढून जातं. हूकर यांच्या केसाच्या टोकापासून मान वळवणारा माणसाचा गर्भ लांबीला एवढाच होता. निसर्गाने कांगारूच्या मेरुरज्जूचा हातांचा भाग आधी पुरा केला आणि पायांचं काम पुढे ढकललं, कारण जन्मताच पहिली गरज चढण्याची होती.

मागाची खटखट आणि वेळेआधी आलेले पाहुणे

मागाला लागूनच घर असलेल्या बाया विचारतात, एवढा आवाज बाळाला ऐकू जात असेल का? जातो, पण उशिरा आणि गाळून. आवाजाला दचकणं ही मेरुरज्जूची नव्हे, त्याच्या वरच्या मेंदूस्तंभाची क्रिया आहे. जर्मन डॉक्टर आल्ब्रेख्ट पायपर यांनी १९२५ मध्येच मोटारीचा हॉर्न वाजवून गर्भ दचकतो का ते तपासलं होतं. पोटाला टेकवलेल्या थरथरत्या, आवाज करणाऱ्या यंत्राला गर्भ चोवीस-पंचवीस आठवड्यांपासून पापण्या मिटून उत्तर देऊ लागतो आणि अठ्ठावीसच्या पुढे ते उत्तर खात्रीने मिळतं, हे १९८३ मध्ये अमेरिकेत सोनोग्राफीने दिसलं. आईचं पोट तीव्र, उंच पट्टीचे आवाज बरेच अडवतं, घुमणारे खालचे आवाज आत जाऊ देतं. आणि तोच आवाज पुन्हापुन्हा आला, की गर्भ दचकणं सोडून देतो.

जी बाळं अठ्ठावीस, तीस आठवड्यांत जन्मतात, त्यांच्यात हा जिना उघड्यावर दिसतो. नवजात अतिदक्षता विभागात डॉक्टर बाळाचे पाय दुमडून सोडतात, तळहातात बोट ठेवतात, डोकं किंचित मागे जाऊ देतात आणि प्रतिसादांवरून बाळ किती आठवड्यांचं असेल याचा अंदाज बांधतात. १९१८ मध्ये एर्न्स्ट मोरो यांनी वर्णन केलेलं, दोन्ही हात फाकवून पुन्हा छातीशी आणणारं दचकणं अठ्ठावीस आठवड्यांच्या आसपास दिसू लागतं. चोखणं आणि गिळणं यांचा मेळ बत्तीस-चौतीसच्या सुमारास बसतो. तोवर दूध नळीनेच द्यावं लागतं.

लंडनच्या मारिया फिट्झजेराल्ड यांनी अशा बाळांच्या तळपायाला बारीक केसाने स्पर्श करून पाय मागे घेण्याची क्रिया मोजली. बाळ जितकं अपुऱ्या दिवसांचं, तितक्या हलक्या स्पर्शाला पाय मागे येतो. स्पर्श पुन्हा केला की प्रतिसाद कमी होण्याऐवजी वाढतो. ब्रेक अजून पुरता बसलेला नसतो. टाचेतून वारंवार रक्त घेतलेल्या बाळांत ती जागा कित्येक दिवस हुळहुळी राहते आणि बधिर करणारं मलम लावलं तर हे टळतं, हेही त्यांच्याच गटाने १९८९ मध्ये दाखवलं. पाय मागे घेतला म्हणजे बाळाला मोठ्या माणसासारखं दुखलं, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. पाय मेरुरज्जू काढून घेतो, दुखणं जाणवायला मेंदू लागतो. पण चोवीस आठवड्यांच्या आसपास मेंदूच्या वरच्या थरापर्यंत तारा पोचू लागतात, म्हणून अतिदक्षता विभागात बाळाला कमीत कमी हाताळणं आणि आईच्या छातीशी धरणं याला आता उपचारच मानतात. दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा इथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या त्या पद्धतीचं नाव कांगारूवरूनच आलं.

अशा बाळांचं पुढे काय होतं? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांच्या गटाने १९८७ ते १९८९ या काळात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा थेट अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. इतका दीर्घ अभ्यास जगातही मोजकाच झाला आहे. आणि प्रेख्टल यांनी गर्भात पाहिलेल्या त्याच आपोआप हालचाली जन्मानंतरही काही आठवडे चालू राहतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास अंगभर बारीक, चुळबुळत्या हालचाली दिसायला हव्यात. त्या अजिबात नसतील तर मेंदूचा पक्षाघात होण्याचा धोका मोठा, हे आता त्यावरून फार लवकर ओळखता येतं. बाळाला उत्तर विचारायचं नसतं. ते आपणहून काय करतंय, ते फक्त बघायचं असतं.

आजीचं बोट

बाळंतिणीच्या खाटेशी आजी वाकते आणि बाळाच्या तळहातात बोट सरकवते. मूठ मिटते. “बघ गं, ओळखलं मला.” साडेदहा आठवड्यांचा असताना किंचित मिटणाऱ्या त्याच तळहाताची ही पुरी झालेली पकड. ती मेरुरज्जू करतो, ओळखीशी तिचा संबंध नाही. पण ताकद खरी आहे. १८९१ मध्ये लुई रॉबिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी साठाहून अधिक नवजात बाळांना बोट किंवा काठी धरायला दिली. दोन सोडली तर सगळी निदान दहा सेकंद आपल्या वजनासकट लटकली. माकडाच्या पिल्लाला आईच्या केसांना धरून राहावं लागतं, त्याची ही आठवण.

सहा महिने होतात. लसीला किंवा तपासणीला नेलेल्या बाळाच्या तळहातात डॉक्टर बोट ठेवतात आणि मूठ मिटत नाही. आई जरा घाबरते. डॉक्टर खुळखुळा पुढे धरतात. बाळ त्याच्याकडे बघतं, हात नेतं, चुकतं, पुन्हा नेतं आणि धरतं.

जुनी जोडणी कुणी तोडलेली नसते. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की म्हाताऱ्या माणसाचा हातही तळव्याला लागलेली वस्तू नकळत पकडतो आणि सोडू म्हटलं तरी सोडवत नाही. आयुष्यभर ती पकड तिथेच, वरून दाबून ठेवलेली असते. सहाव्या महिन्यात बाळाने काय मिळवलं, तर आजीचं बोट न धरता राहण्याची सोय. आता ते बोट धरेल तेव्हा ओळखून धरेल.